घडी न मोडलेली होडी

माझे बाबा मोरिवलीकडच्या एका कारखान्यात फिटर होते. सगळा जन्म लोखंड कानसण्यात गेला आणि निवृत्त झाले त्या वर्षी त्यांना समुद्रावर राहायचं वेड लागलं. लोक रिटायर झाले की काशीला जातात, गावी जाऊन कलमं लावतात, निदान सोसायटीचे सेक्रेटरी होऊन शेजाऱ्यांना छळतात. बाबांना होडीत राहायचं होतं. आमच्या घराण्यात त्याआधी बादलीपेक्षा खोल पाण्यात कोणी उतरल्याचं ऐकिवात नाही.

हे वेड लावलं त्यांच्या मित्राने. ते मूळचे कोकणातले, मालवाहू बोटींवर इंजिन सांभाळण्यात आयुष्य गेलेलं. बायको वारली होती, मुलं मार्गाला लागली होती. त्यांनी रत्नागिरीकडच्या एका खाडीत जुना मचवा घेतला, त्यावर लाकडी खोली बांधली आणि एके दिवशी आमच्या अंबरनाथच्या घरी येऊन बाबांना म्हणाले, "दिवाळी झाली की समुद्र निवतो. निघू. बंदरं करत गोव्यापर्यंत जाऊ, पावसाच्या आत परत. राहायचं बोटीतच."

बाबांनी हो म्हणायला एक घोट चहासुद्धा घेतला नाही.

"आत चूल आहे, पाण्याची टाकी आहे," मित्र सांगत होते. मग आईकडे बघून म्हणाले, "तीन माणसं आरामात राहतात हो वहिनी. फक्त मचवा काठाला लागत नाही. किनाऱ्यावर जायला-यायला एक डिंगी पाहिजे. रबराची. हवा काढली की घडी घालून कोपऱ्यात ठेवता येते. ती तू आण रे."

बाबांना त्यातलं 'डिंगी' ऐकू आलं. आईला 'तीन माणसं' ऐकू आलं. मी दोघांच्या मध्ये बसले होते, मला दोन्ही ऐकू आलं.

आईला जायचं होतं, हे मी सरळ सांगून टाकते, कारण तिने स्वतः ते सरळ कधीच सांगितलं नाही. एकदा आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने गेलो होतो. जरा लाटा उठल्या तशी बाबांनी कठड्याबाहेर मान काढली, ती पलीकडचा धक्का येईपर्यंत आत घेतली नाही. आईने एका हाताने कठडा घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हाताने शेंगदाणे खात होती. उतरताना म्हणाली, "एवढ्यातच आलं?" बाबांना त्या दिवसातला फक्त तिचा कठड्यावरचा हात आठवत होता. मी त्यांना एकदा सुचवून पाहिलं, की आईलाही विचारा. ते म्हणाले, "तिला पाण्याची भीती. कशाला उगाच विचारून धर्मसंकटात टाकायचं?" एवढ्या प्रेमाने केलेल्या अन्यायाशी भांडायचं कसं, ते मला तेव्हा येत नव्हतं.

मी तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब लिहायला जात होते. शेजारी एक सिंधी दुकानदार होते. रेनकोट, ताडपत्री, रेक्झिन, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या असला माल ठेवायचे. कस्टमच्या लिलावात त्यांनी घेतलेल्या मालात दोन रबरी होड्या निघाल्या होत्या आणि त्या घेणारं गिऱ्हाईक उल्हासनगरात कुठून यायचं, या काळजीत ते होते. मी बाबांना घेऊन गेले तेव्हा त्यांनी आम्हाला थंड मागवलं.

दोन्ही होड्या कारखान्यातून निघाल्या तशा, नायलॉनच्या पट्ट्यांनी आवळलेल्या घड्यांमध्ये होत्या. एक पिवळी, दोन माणसांची. एक राखाडी, तीन माणसांची. बाबा कधी हिला हात लावत, कधी तिला.

दुकानदार म्हणाले, "साईं, दोनो घर ले जाओ. आरामसे देखो. एक रखो, एक आठ दिन में वापस. पण एक गोष्ट. घडी नाय मोडायची. घडी मोडली तो माल तुमचा."

ते पूर्वी साड्या विकत. साडी पसंतीला घरी न्यायची, पण घडी मोडायची नाही, हा नियम त्यांनी होड्यांनाही लावला. बाबांनी मान डोलावली. घडी न मोडता होडी पारखायची कशी, हा प्रश्न दुकानात कोणालाच पडला नाही. मला तो शेअर रिक्षात पडला, मांडीवर राखाडी गठ्ठा घेऊन बसले होते तेव्हा. शेजारच्या माणसाने विचारलं, "पापड का?" बाबा म्हणाले, "होडी." तो माणूस स्टेशनपर्यंत पुन्हा बोलला नाही.

घरी दोन्ही गठ्ठे पलंगावर मांडले आणि पारख सुरू झाली. बाबा फिटर माणूस, मापाशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी भंगारवाल्याला वर बोलावून दोन्ही होड्या त्याच्या तराजूला लावल्या. भंगारवाल्याला वाटलं, विकायच्या आहेत. खरं कारण कळल्यावर तो आईकडे फार सहानुभूतीने बघत गेला. मग बाबांनी घडीच्या फटीत बोटं घालून झडपा मोजायला घेतल्या. होडीत हवेचे कप्पे जितके जास्त तितकं बरं, एक फुटला तरी बाकीचे तारतात, असं मित्राने सांगितलं होतं. "एक... दोन... ही तिसरी झडप, की नुसती गुंडी?" असं पुटपुटत ते डोळे मिटून चाचपत बसायचे. तळाला लाकडी पट्ट्या आहेत की नुसतं कापड, हे कळायला त्यांनी दोन्ही गठ्ठ्यांवर आळीपाळीने बसून पाहिलं. त्यातून फक्त एवढंच कळलं, की पिवळी बसायला मऊ आहे.

बिल्डिंगमधल्या बायका साडी बघायला याव्यात तशा येऊन गेल्या. "पिवळा उन्हात विटेल हो." "राखाडी मळखाऊ आहे, पण अंगावर उठत नाही." होडीच्या कडेने दोर ओवलेला होता, त्याला सगळ्यांनी काठ म्हटलं आणि काठ बरा आहे यावर एकमत झालं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी ट्रकच्या टायरची ट्यूब सुचवली. त्यांचे मेहुणे बदलापूरला मांजर्लीत राहत. तिथे नदीचं पाणी घरात शिरलं की ते ट्यूबवर बसूनच दूध आणायला जात म्हणे. बाबांनी हे मनावर घेतलं नाही.

आठवडाभर वाद चालला आणि तो सगळा शास्त्रीय होता.

"दोनाची बस झाली," बाबा म्हणायचे. "हलकी आहे. एकट्याने उचलून मचव्यावर घेता येते. ती मोठी म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

"पाण्याचे कॅन कुठे ठेवाल?" आई भाजी चिरता चिरता विचारायची.

"दोन फेऱ्या मारू."

"आणि रॉकेल? भाजी? तांदूळ?"

"तीन फेऱ्या मारू."

"वाऱ्यात हलकी होडी उडत नाही का?"

बाबा चपापायचे, कारण मुद्दा बरोबर असायचा. मग ते कागदावर बाण काढून वाऱ्याचा विचार करत बसायचे. आपली बायको समुद्राबद्दल एवढे प्रश्न का विचारते, हा विचार त्यांच्या डोक्यात चुकूनही आला नाही. मला दोघांचाही राग यायचा. त्यांना विचारता येत नव्हतं, हिला मागता येत नव्हतं, आणि मध्ये मी रबराच्या वासात जेवत होते.

आठव्या दिवशी रविवार होता. सकाळी बाबांनी निकाल दिला. पिवळी ठेवायची, राखाडी संध्याकाळी परत करायची. हे सांगून ते पायाने मारायचा पंप मागायला मोरिवलीला, जुन्या कारखान्यातल्या मित्राकडे गेले.

आईने ओटा पुसला, फडकं वाळत टाकलं आणि मला म्हणाली, "पलंग उभा करायला हात लाव."

पलंग भिंतीला उभा केला. आईने राखाडी होडी जमिनीवर घेतली, पट्ट्या सोडल्या आणि एक टोक धरून झटकली. नव्या चादरीसारखी ती फडाफड उलगडली आणि आमची अख्खी खोली संपली.

"आई, परत घेणार नाही तो," मी म्हणाले.

"ठाऊक आहे."

शेजारून सायकलचा पंप आणला, तो झडपेला बसला नाही. मग आईने पदराने झडप पुसली आणि तोंडाने फुंकायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने तिचा चेहरा लालबुंद झाला आणि होडीला फक्त एक कान फुटला. मी जिन्यात जाऊन हाक मारली. बायका आल्या. हळदीकुंकवाला यायच्या तशा हात पुसत पुसत आल्या आणि एकेकीने एकेक झडप धरली. सवाष्ण कोण, विधवा कोण, हे त्या दिवशी कोणी पाहिलं नाही. दम कोणाला आहे, एवढंच पाहिलं, आणि तो सगळ्यात जास्त वरच्या मजल्यावरच्या विधवा काकूंना निघाला. त्यांनी पुढची सगळी बाजू एकटीने फुगवली. एकीला चक्कर आली, तिला सरबत दिलं. मला चक्कर आल्यावर सरबत संपलं होतं.

होडी भरत गेली तशी ती कपाटाला टेकली, मग शिवणयंत्राला, मग दाराला. आमचं दार आत उघडायचं. हे लक्षात आलं तेव्हा आम्ही सगळ्या जणी होडीत बसलो होतो, कारण घरात उभं राहायला दुसरीकडे जागाच उरली नव्हती. तीन माणसांच्या होडीत आम्ही सात जणी होतो आणि ती कुरकुरली नाही. आई पुढच्या टोकाशी बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "बरी आहे."

थोड्या वेळाने बाबा आले. दार ढकललं, ते बोटभर उघडून परत मिटलं. बाबांनी जोर लावला, तर होडीने त्यांना मागे लोटलं. शेवटी ते गॅलरीतून खिडकीशी आले. हातात पंप होता. गजांतून त्यांनी आत पाहिलं.

"ही परत करायची होती," ते म्हणाले.

"घडी मोडली," आई म्हणाली.

"अगं, पण ही तीन माणसांची आहे."

"म्हणून तर हीच मोडली."

आतल्या बायका आपापल्या बांगड्या बघायला लागल्या. बाबांच्या मागे एव्हाना त्यांचे नवरे गोळा झाले होते. ते जेवणाची चौकशी करायला आले होते.

"हवा काढ," बाबा म्हणाले. "दार तरी उघडू दे."

आई हलली नाही. "नाही काढत."

बाबांनी पंप खाली ठेवला. "मला वाटलं, तुला पाण्याची भीती वाटते."

"वाटते," आई म्हणाली. तिचा आवाज जरा कापत होता, आणि इतक्या लोकांसमोर तो कापतोय याचा तिला रागही आला होता. "पण तुम्ही विचारलं नाहीत. बोटीवर न्यायला तंबाखूचा डबासुद्धा आठवणीने बाजूला काढून ठेवलात. मला विचारलं नाहीत."

गॅलरीतलं कोणीतरी खाकरलं. बाबांनी दोन्ही हातांनी गज धरले. त्यांचा चेहरा असा पडलेला मी कारखाना सोडतानाही पाहिला नव्हता. मला एकदम त्यांची दया आली आणि तरीही मनात म्हटलं, बाबा, सुटू नका, आता विचारल्याशिवाय सुटू नका.

"येतेस का?" बाबांनी विचारलं.

ते आईला रोज शंभर गोष्टी विचारायचे. चहा झाला का, चष्मा कुठे आहे, कोण आलं होतं. पण जिला 'नाही' म्हणता येईल अशी विचारणा मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. आईलाही ते कळलं असावं. ती लगेच बोलली नाही. शेजारच्या काकूंनी तिला कोपराने ढोसलं, तरी तिने घ्यायचा तेवढा वेळ घेतला.

"येते," ती म्हणाली, आणि वाकून जवळची झडप उघडली.

सात जणींचं वजन असूनही हवा जाता जात नव्हती. होडी एका बाजूने बसायला लागली तशा बायका एकमेकींवर घरंगळल्या आणि हसत सुटल्या. आई तशीच एका कुशीवर कललेली, खिडकीकडे तोंड करून बसली होती. बाबा गजांना नाक लावून तिला मचव्याबद्दल सांगायला लागले. चूल कुठल्या बाजूला आहे, टाकीतलं पाणी किती दिवस पुरतं, भरतीला सगळं कसं हलतं. इतके दिवस ते मनात घोळवत असलेलं सगळं त्यांनी त्या खिडकीत बाहेर काढलं. आई एकेक विचारत होती.

"झोपायचं कुठे?"

"तीन फळ्या आहेत. एक दाराशी, एक इंजिनाकडे. आणि एक लहान खिडकीपाशी, तिथून पाणी दिसतं."

"खिडकीपाशी कोण झोपतं?"

बाबांनी जरा विचार केला. "ती मी माझ्यासाठी धरून ठेवली होती," ते म्हणाले. "तू घे."