हनुवटीवरचे तीन ठिपके

आमचे फोटोवाले तात्या, म्हणजेच आटपाडीचे श्री. गणपतराव लोहार, पंचाहत्तर वर्षांचे झाले. गौरव समितीने मला ‘छायाचित्रणाचे सामाजिक मूल्य’ या विषयावर लिहायला सांगितले आहे. मूल्यबिल्य मला फारसे कळत नाही. मी तात्यांच्या स्टुडिओत सात वर्षे काम केले आणि त्यात एकदा त्यांचे नाक कापले. तेवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

आमची पहिली भेट वाईला कृष्णेच्या घाटावर झाली. बाहत्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. मी चित्रकलेची परीक्षा पास होऊन नोकरीची वाट पाहत होतो आणि तोवर रोज देवळाचा कळस रंगवत होतो. एका सकाळी पाहतो तर धोतर खोचलेला एक उंच माणूस पायरीवर वाकून नदीत माणसांचे चेहरे धूत होता. धुऊन झालेले फोटो त्यांनी पायऱ्यांवर वाळत घातले होते. नवरा-नवरी, एक पैलवान, कचेरीतला शिपाई, पाळण्यातले मूल, आणि प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांवर चार खडे. धुणे धुवायला आलेल्या बायकांनी धुणे बाजूला ठेवून जोड्या लावायला घेतल्या होत्या. “ह्या नवरीला ह्यो नवरा? अगं बाई!” असे चालले होते.

तेवढ्यात एक गुरुजी ओरडत खाली आले. “अहो, तीर्थात हे काय बुचकळताय?”

तात्यांनी ओल्या हातांनीच नमस्कार केला. “गुरुजी, आमच्याकडं माणसं हायत, पाणी न्हाई. हितं बहीण दिलीया, म्हणून एस्टीनं आलो. पाप लागलं तर माज्या नावावर लिवा.”

गुरुजी पाप बघायला खाली वाकले आणि पैलवानाच्या फोटोपाशी थांबले. पंधरा मिनिटांनी ते त्याच पायरीवर बसून, मुलीचा दाखवायचा फोटो काढायला आटपाडीहून कधी येता येईल, हे विचारत होते.

मी विचारले, “एवढ्या लांब येऊन धुता कशाला? तिथेच थोडक्या पाण्यात उरकत नाही का?” तात्या म्हणाले, “नीट धुतला न्हाई की फोटू दोन वर्सांत पिवळा पडतोय. आमची माणसं जल्मात एकदा फोटू काढत्यात. त्यो पिवळा पडून कसं चालंल?” मग त्यांनी माझा कळस पाहिला. “देऊळ बरं हाय. माणसाच्या तोंडावर हात चालतो का तुमचा?” मी ऐटीत म्हणालो, “चालतो.” पुढच्या आठवड्यात मी आटपाडीत होतो.

तात्यांच्या स्टुडिओत एक काळा कोट होता. कुणाच्याही अंगाला तो पाठीमागे चिमटे लावून बसवला जाई. मुलुखातल्या प्रत्येक घरातले एखादे पोर फौजेत आणि त्यांना घरच्यांचे फोटो आमच्याकडून जात. सुट्टीवर आलेल्या एका जवानाने सांगितले की बराकीत आमच्याकडच्या चौघांचे वडील एकाच कोटात आहेत आणि सुभेदार विचारतात, हे सगळे सख्खे भाऊ काय? कोट बदला, असे मी तात्यांना सुचवले. ते म्हणाले, “कोट कोण बघतंय? पोरगं बापाचं तोंड बघतंय.” आधी या घरांच्या भिंतींवर देव असत आणि कॅलेंडरे असत. मेंढरे राखणारा बाप भिंतीवर गेला तो तात्यांमुळे. समितीला हवे असलेले मूल्य बहुधा हेच असावे.

आता नाक कापल्याची हकिगत. माझे काम रिटचिंगचे. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड घ्यायचा आणि सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या भरून काढायच्या. माझा हात इतका बसला होता की माझ्या पेन्सिलीखालून कुणीही पंचविशीच्या पुढचा सुटत नसे.

हिराबाई नावाची एक फौजीची विधवा पेन्शनच्या अर्जासाठी फोटो काढायला आली. वय साठीच्या आसपास, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके आणि भुवईवर एडक्याने धडक दिल्याची खूण. पेन्शन मंजूर झाली नाही तर उरलेले आयुष्य दिराच्या दारात, त्याच्या बायकोची बोलणी खात काढायचे, हे तिनेच सांगितले. मला फार वाईट वाटले. त्या वाईट वाटण्याच्या भरात मी तिचे तिन्ही ठिपके, भुवईवरची खूण आणि तीस-पस्तीस वर्षे पुसून टाकली.

महिन्याभराने हिराबाई परत आली. सांगलीच्या कचेरीने अर्ज परत केला होता. नवऱ्याने भरती होताना बायकोच्या ओळखखुणा म्हणून हनुवटीवरचे तीन ठिपके आणि भुवईवरची खूण लिहून दिली होती. फोटोत त्यातले काहीच नव्हते. “सायेब म्हनला, ही तुमची ल्येक असंल,” हिराबाई म्हणाली. “मला ल्येकच न्हाई वं.” आणि ती उंबऱ्यावर बसून रडू लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

दुसरा फोटो काढला तर बाई बदलली असा संशय येणार, म्हणून तात्यांनी तीच निगेटिव्ह, टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीने आम्ही तिघे सांगलीला गेलो.

कचेरीत तात्या साहेबांना म्हणाले, “चूक स्टुडिओची हाय, बाईची न्हाई. जरा खिडकीपाशी या.” त्यांनी निगेटिव्ह उजेडात धरली आणि टर्पेंटाइनच्या बोळ्याने हलकेच पुसली. माझी दोन दिवसांची कला कापसावर आली. साहेब डोळे बारीक करून मोजू लागले, “एक... दोन... अहो, तिसरा!” हिराबाई शेजारी हनुवटी वर करून उभी. कारकून टेबले सोडून जमले आणि एकदा फिल्मकडे, एकदा तिच्याकडे बघू लागले. एका शिपायाने तर एडक्याचीही चौकशी केली. साहेब म्हणाले, “यावरून फोटो करून आणा, आजच घेतो.”

ओळखीच्या एका फोटोग्राफरच्या डार्करूममध्ये तात्यांनी तासाभरात नवा फोटो करून पंख्याखाली वाळवला. माझा जुना फोटोही टेबलावर होता. मी लाज झाकायला म्हणालो, “आजी, हा घरी लावा. यात छान दिसता.”

हिराबाईने दोन्ही हातात घेऊन पाहिले. मग माझा फोटो खाली ठेवला. “ह्यो फोटू वर मालकास्नी दिसला, तर त्ये म्हनतील, ही कोन बया? त्येंनी ठिपकं मोजून लिवल्यात रं पोरा.”

त्यानंतर माझी पेन्सिल फिल्मवरच्या धुळीपलीकडे कधी गेली नाही.

पेन्शन सुरू झाली. हिराबाई दिराच्या घराशेजारी वेगळी चूल मांडून मानाने राहिली. अनेक गौरवपर भाषणांत तात्यांना दीर्घायुष्य चिंतले गेले आहे आणि या गौरवग्रंथातही चिंतले जाईल; पण तो पहिला मान तिचा आहे. मंजुरीचा कागद दाखवायला ती स्टुडिओत आली, तेव्हा तिने तात्यांवरून हात ओवाळून कडाकडा बोटे मोडली आणि माझ्याकडे तिरके बघत म्हणाली, “मास्तर, तुमी शंबर वर्सं जगा. आन् म्हातारं हुताना तोंडावर काय उठंल त्ये उठू द्या, ह्या वाईच्या पोराच्या हातात तेवढं देऊ नगासा.”

त्या आशीर्वादात आम्हा सर्वांच्या वतीने मी ‘ठणठणीत’ एवढा एकच शब्द घालतो. बाकी कशालाही हात लावत नाही.