डागाचा दंड

बाबांचे डोळे पिवळे झाले तेव्हा मला डिचोलीला सासरी कळवावं असं हळर्णला कुणालाही वाटलं नाही. माहेरी थोरल्या काकांचा शब्द शेवटचा. त्यांनी बाबांना गावच्या वैद्याकडे नेऊन कावीळ, गावच्या बोलीत कामीण, उतरवायचं वखद सुरू केलं, तो प्रत्येकाला देतो तसा तापल्या सळईचा डागही दंडावर देववला. या औषधाचं पथ्य असं की ते चालू असताना दवाखान्याची पायरी चढायची नाही.

शेजाऱ्यांचा फोन आला म्हणून मी पोचले तर बाबा दोन चादरींखाली दात वाजवत होते. अंग तापलेलं, हातापायांवर खाजवून ओरखडे.

"काका, ताप आहे त्यांना."

"ताप न्हय तो. वखद कामीण भायर काढता. आता इंजेक्शान मारलंस तर सगळा फुकट."

थोरल्या भावाचा शब्द बाबांनी जन्मात मोडला नव्हता. त्या स्थितीतही ते मान हलवत राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोड्या वेळाने ते मलाच ओळखेनात, तेव्हा शेजाऱ्यांना घेऊन मी त्यांना गाडीत घातलं. काका अंगणात ओरडत राहिले.

डॉक्टरांनी पापणी ओढून डोळा पाहिला, मग उजव्या बरगडीखाली हात ठेवून श्वास घ्यायला सांगितलं. श्वास अर्ध्यावरच अडला.

"दुखता?"

"ना," बाबा म्हणाले. मग विचारलं, "माजो ट्रक खंय लायलो?"

खाणीवरचा तो ट्रक विकून वर्षं लोटली होती.

डॉक्टर मला म्हणाले, "ताप, कावीळ आणि इथलं दुखणं एकत्र आलं की पित्तनळीत जंतू शिरलेत असं धरायचं. ताप चढला तेव्हाच आणायला हवं होतं. आता रक्तदाब पडलाय, भानही गेलंय."

सकाळी बाबा गेले.

बाराव्याला काका सगळ्यांना सांगत होते, "डॉक्टरान पोट दाबल्यान, थंयच घात झालो." माणसं माना डोलवत होती. मी पान तसंच टाकून उठले.

यंदा काकांचे डोळे पिवळे झाले. थंडी भरली तसा त्यांचा फोन आला, "बाय, गाडी घेवन यो बेगीन. डॉक्टराकडे जावया."

मी नेलं. पोटाला हात लागताच काकांनी दवाखाना डोक्यावर घेतला. सुईसाठी नर्सने त्यांची बाही वर सारली. मी मुद्दाम वाकून दंड पाहिला, मग दुसराही पाहिला. डाग कुठेच नव्हता. काका वैद्याकडे गेलेच नव्हते.