दोन रिकाम्या खुंट्या

ती घटना आठवायला मला जुनी डायरी काढावी लागत नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण मात्र लख्ख आहे. खरं म्हणजे याला प्रकरण म्हणणंही चूक. गुन्हा नोंद नाही, पंचनामा नाही, पंच नाहीत. जबाब घेतला तोही अंगावर गणवेश नसताना, दुबईत अल कुसैसला, मुलीच्या घरच्या डायनिंग टेबलावर.

निवृत्तीनंतर मी वर्षातले सहा-सात महिने मुलीकडे असतो. एका शनिवारी सकाळी मला रत्नागिरी जिल्ह्यातून फोन आला. बाई बोलत होत्या. त्यांचा नवरा अबुधाबीच्या मुसफ्फा भागात, लोखंडी कामाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. सव्वीस वर्षं आखातात काढून तो महिनाभरात कायमचा गावी परतणार होता. त्याची माझी एकदाच गाठ पडलेली, कोकणातल्या लोकांच्या इफ्तारीत. मी त्याच्या तालुक्याच्या ठाण्याला साडेतीन वर्षं निरीक्षक होतो हे कळल्यावर त्याने उठून हात मिळवला होता, आणि मग का कोण जाणे, जेवण होईपर्यंत गप्पच बसला. पोलीस दिसला की माणसं गप्प होतात. सवयीने मी तेच धरलं.

"साहेब, माझं नाव सांगू नका त्यांना," बाई म्हणाल्या. "त्यांनी सासऱ्यांच्या बंदुकीच्या लायसनचे फोटो मागवलेत, सगळ्या पानांचे. वर विचारतात, पडवीतल्या खुंट्या अजून मजबूत आहेत का. काहीतरी डोक्यात घेतलंय हो या माणसाने. मी विचारलं तर म्हणतात, तू तुझं काम कर."

"बंदूक कुठाय?"

"बंदूक नाहीच ना घरात! म्हणून तर फोन केला."

खबर देणारा किती घाबरलाय, यावरून खबर किती खरी ते कळतं. या बाई पुरत्या घाबरलेल्या होत्या. मी म्हटलं, बघतो.

मुलगी स्वयंपाकघरातून ऐकत होती. "बाबा, हे तुमचं ठाणं नाही. इथे आपण सगळे व्हिसावर आहोत. लुडबुड करू नका."

"लुडबुड नाही गं. चहाला बोलावतोय."

पण नुसतं चहाला बोलावून मुसफ्फाहून दोन तासांचा प्रवास करून कोण येतो? मग मी जुनी पोलिसी अक्कल चालवली. आखातात एक रीत आहे. कुणी गावी निघाला की ओळखीचे लोक त्याच्याकडे पुडकी देतात. खजूर, दूध पावडर, बदाम, डोकेदुखीचं मलम. नाही म्हणायची पद्धत नाही. स्वतःची चप्पल बॅगेत मावणार नाही, पण दुसऱ्याचं पुडकं माणूस नेणारच. मी फोरमनला फोन केला, म्हटलं, माझ्या बहिणीसाठी थोडं सामान आहे, नेशील का?

"का नाही साहेब! उद्या सुट्टीच आहे. येतो इन्शाल्ला."

रविवारी बाराला बेल वाजली. नातीने दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "आजोबा, समवन विथ अ बिग मुस्टॅश!" माणूस खरंच दांडगा होता. मनगटं लोखंडाची, पण खुर्चीत बसला तो अगदी कडेला.

चौकशीचा माझा एक नियम होता. पहिला अर्धा तास मूळ मुद्द्याला हात लावायचा नाही. मी त्याला गावची हवा, काजू, त्याच्या मुलीचं लग्न सगळं विचारलं. वरण-भात खायला घातला. त्याचं तीनदा घड्याळाकडे बघून झालं.

"घाई आहे?"

"पाचला एकाकडे पोचायचंय, साहेब. शारजाच्या बाजूला, भंगाराच्या यार्डात."

"सुट्टीच्या दिवशी भंगार?"

"एक वस्तू बघायचीय." त्याने बडीशेप तोंडात टाकली. "आज घेतली नाही तर दुसरा नेईल."

मी सरळच म्हटलं, "बंदूक ना?"

त्याचा चावता जबडा थांबला. मग तो हसला. खोटं बोलण्याची सवय नसलेला माणूस पकडला गेला की आधी हसतो. त्याने मोबाईल काढून फोटो दाखवला. जुनी लष्करी रायफल. लाकडी दस्ता, घासून काळा पडलेला. कुठल्यातरी फौजेने कधीकाळी मोडीत काढलेला माल. यार्डातला माणूस जुने तंबू, बूट, डबे विकायचा, त्यातूनच ओळख झालेली.

"पंधराशे दिरहम. म्हणजे आपले पस्तीस हजार. साहेब, गावाकडे पस्तीस हजारांत काय येतं? आणि माल बघा, मिलिटरीचा! शंभर वर्षं काही होत नाही. आज बघायची, पटली तर पाचशे हातावर ठेवायचे. घेऊ की नको, हेच चाललंय आठवडाभर डोक्यात."

"आणि नेणार कशी?"

"कार्गोत. घरचं सामान जातंय ना सगळं, त्यात. लपवून नाही हां! लिहून, कागद लावून. अब्बांचं लायसन आहे की."

मी कपाळाला हात लावला. चोर असता तर मला राग आला असता. हा बाबा तर कार्गोच्या यादीत ब्लँकेट, मिक्सर, इस्त्री आणि त्याखाली रायफल असं सुवाच्य अक्षरात लिहून देणार होता.

"अब्बांचं लायसन कसलं आहे?"

"शेतीचं. ठासणीच्या बंदुकीचं. डुकरं, वानर हाकलायला."

"अब्बा आहेत?"

"गेले. तेरा वर्षं झाली."

"मग?"

"मग काय साहेब? लायसन एका बंदुकीचं. ती बंदूक घरात नाही. म्हणजे जागा रिकामी झाली की नाही? आमच्या कंपनीत एकाचा व्हिसा कॅन्सल झाला की त्याच जागेवर दुसरा माणूस येतो. रिप्लेसमेंट."

हसू नये असं ठरवलं होतं, तरी हसलो. सव्वीस वर्षं माणूस ज्या कायद्याखाली राहतो, त्याच कायद्याने तो सगळं जग मोजतो. त्याला मी एकेक गोष्ट बोटावर सांगितली. परवाना माणसाबरोबर संपतो. वारसाने नवा अर्ज करावा लागतो. लष्करी जातीची रायफल आपल्याकडे शेतकऱ्यालाच काय, कुणाही साध्या नागरिकाला मिळत नाही. आणि हे सगळं पुढचं. आधी इथे, या देशात, विनापरवाना ती हातात धरलीस तरी संपलास.

"यार्डातला म्हणतो, कुछ नहीं होता."

"होईल तेव्हा तो असेल तिथे? तू आत. महिन्याभराने घरी जायचं ते किती वर्षांनी जाशील, अल्ला जाणे. बायको विमानतळावर कुणाला आणायला जाणार? कार्गोच्या खोक्याला?"

त्याने मान डोलावली. पटलेलं दिसत होतं. पण मी हजार तोंडं पाहिलीत. पटणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. पावणेचारला तो उठला. "बरं साहेब, सामान द्या. निघतो."

"कुठे?"

तो चपलांकडे वळला.

म्हणजे डुकरं नव्हेत, वानर नव्हेत. कायदा कळल्यावरही माणूस उठतो, तेव्हा त्याचं कारण कायद्याहून मोठं असतं. मी दारात आडवा उभा राहिलो. आवाज चढला माझा, मुलगी बाहेर आली. "त्या खुंट्यांवर काय टांगायचंय तुला? खरं सांग! गोळ्या कुठून आणणार होतास? तुला ती चालवायचीच नाहीये!"

"खुंट्या तुम्हाला कुणी सांगितल्या?" तो पुटपुटला. मग त्यालाच उमगलं असावं. तो परत खुर्चीवर बसला, या वेळी पूर्ण.

"साहेब, तुम्हाला सांगायचं नव्हतं हो," तो म्हणाला. "इफ्तारीला भेटलात तेव्हापासून ठरवलेलं, तुम्हाला नाही सांगायचं. तुम्ही आता म्हातारे झालात."

त्याने पाकीट काढलं. आतून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका ठाण्याच्या मालखान्यात जमा कराव्या लागतात, त्या जमा बंदुकीची पावती. त्याच्या वडिलांचं नाव, बंदुकीचा नंबर, खाली गोल शिक्का. आणि शिक्क्यावर सही. माझी.

मला आधी काही आठवलं नाही, हे लाजेने लिहितो. एका निवडणुकीला दीडशे-दोनशे बंदुका यायच्या. निकाल लागला की आठवड्याभरात लोक घेऊन जायचे. काही राहायच्या.

"अब्बा चार वेळा आले होते," तो सांगू लागला, अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने. "एकदा मालखान्याची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. एकदा म्हणाले, आधी लायसनचं नूतनीकरण करून आणा. ते करून आणलं तर म्हणे साहेब बंदोबस्ताला गेलेत, पुढच्या आठवड्यात या. चौथ्या वेळी दिवसभर बसून राहिले. टोपी मांडीवर ठेवून."

टोपी म्हटल्यावर मला आठवलं. पांढरी विणलेली टोपी, बाकाच्या टोकाला बसलेला एक बारीक म्हातारा. तीन दिवसांचा बंदोबस्त करून आलो होतो. डोळे मिटत होते. तो दिसला, त्याचं काय काम आहे तेही माहीत होतं. दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, उद्या. आणि मागच्या दाराने घरी गेलो.

"पावसाळ्यात ते गेले," फोरमन म्हणाला. "तोवर गावात बोलणं सुरू झालेलं. खुंट्या रिकाम्या दिसतात ना पडवीत, येणारा-जाणारा बघतो. म्हणे पोलिसांनी बंदूक जप्त केली. म्हणे पोरगा दुबईला काहीतरी धंदे करतो, त्याचं लफडं आहे. अब्बांनी पावती दाखवली, पण वाचतो कोण? मशिदीत पुढच्या रांगेत बसायचे, ते मागे बसू लागले. मी तेव्हा इथे, सुट्टी नाही. आता कायमचा चाललोय. रोज त्या खुंट्यांखाली बसून चहा प्यायचा? म्हटलं, कसलीही असो, एक बंदूक टांगतो. बघतील तेव्हा गप्प बसतील."

आमच्यात म्हणतात, आपलेच दात आणि आपलेच ओठ. आयुष्यभर दुसऱ्यांचे गुन्हे उकलले, आणि हा उकलला तर आत मीच बसलेला. मुलगी माझ्याकडे बघत होती.

शेवटी म्हटलं, "चूक माझी आहे. ती बंदूक मी परत मिळवून देतो. तीच. वेळ लागेल. तोवर खुंट्या रिकाम्या ठेवशील?"

त्याने पावती उचलून परत पाकिटात ठेवली. साडेचार झाले. मग त्याने फोन लावला. "हबीबी, नहीं चाहिए. खलास." पलीकडचा काही बोलत राहिला, याने फोन ठेवला. आणि रडला. मीही रडलो, त्यात लपवायचं काय? मुलीने दोघांपुढे चहा ठेवला. यार्डातल्या त्या वस्तूबद्दल जिथे कळवायचं तिथे जावयाने दुसऱ्या दिवशी कळवलं.

जाताना दारात थांबून फोरमन म्हणतो, "साहेब, बहिणीचं सामान राहिलं." सामान होतंच कुठे? मुलीने घाईघाईने खजुराचा डबा बांधून दिला. त्याने तो खरंच माझ्या बहिणीच्या घरी पोचवला.

वारसाचा अर्ज, तलाठ्याचा दाखला, ठाण्याचा अहवाल, कलेक्टर कचेरी, यात वर्ष गेलं. नोव्हेंबरात मी हयातीच्या दाखल्यासाठी भारतात आलो, तेव्हा परवाना त्याच्या नावावर झाला होता. बंदूक आणायला त्याच्याबरोबर मी गेलो. माझंच ठाणं. रंग बदललेला, बाक तोच. ठाणे अंमलदार म्हणून एक हवालदार बाई होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साहेब बंदोबस्ताला गेलेत, काका. पुढच्या आठवड्यात या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कोण आहे ते सांगायला तोंड उघडलं, तर फोरमनने माझा हात दाबला. "बसू या साहेब. अब्बांची जागा बघून घेऊ." अकरा ते साडेचार बसलो. त्या बाकावरून मागचं दार दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. नवे साहेब आले, पुढच्या दाराने आले, आणि दहा मिनिटांत काम झालं. खरंच दहा मिनिटांत. बंदुकीला बांधलेल्या चिठ्ठीवर माझं अक्षर होतं.

बंदूक घेऊन आम्ही रिक्षाने त्याच्या गावी निघालो. मला वाटलं, रिक्षा दारापर्यंत जाईल. पण त्याने ती गावाच्या तिठ्यावरच थांबवली. बंदूक त्याने घेतली, मला म्हणाला, "तुम्ही बाजूने चला." दर दोन-तीन घरांनी तो थांबायचा. लोक बाहेर यायचे. तो म्हणायचा, "हे ते तेव्हाचे मोठे साहेब. अब्बांची बंदूक यांच्याकडे ठेवायला होती."

नोकरीत मी हजारो जबाब घेतले, दिला एकही नव्हता. तो मी त्या दिवशी आठ-नऊ दारांत दिला. "होय," मी म्हणायचो, "त्यांचा काही दोष नव्हता. ते मागायला आले होते. मी दिली नाही."

शेवटचं दार त्याचं स्वतःचं होतं. पडवीत बाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, खुंट्या पुसून ठेवलेल्या.