मामांचा दाखला

अर्जदार पुरुष, मध्यम बांध्याचा, एसीचा मेकॅनिक. पूर्ववृत्त: तरुणपणी गांजाचे नियमित सेवन, त्याच संगतीत एका दुकानाचे शटर तोडल्याबद्दल कैद. वर्तन तेव्हापासून निष्कलंक. सद्यस्थिती: दमलेला. या शेवटच्या बाबीची नोंद घेण्याची तरतूद नाही.

एका सरकारी इमारतीच्या गच्चीवर त्याने उमेदीची वर्षं काढली. एसीचा बाहेरचा भाग त्याच्याकडे होता. आतला भाग कुलूपबंद खोलीत, आणि तिथे सुरक्षा मंजुरी असलेलाच माणूस जातो. आतला मेकॅनिक निवृत्त होणार होता. ती जागा म्हणजे पक्की नोकरी, पेन्शन आणि उन्हापासून सुटका. गुडघ्यांनी तर कधीच राजीनामा दिला होता. त्याने अर्ज केला.

चौकशी अधिकाऱ्याला त्याने सगळं सांगून टाकलं. गांजा किती, कुणाबरोबर, कैद कुठे. अधिकारी खूश झाला. "जुनं आहे, तुम्ही स्वतःहून सांगितलंत. आम्हाला लपवाछपवीचं वावडं. लहानपणापासून ओळखणारं कोणी?"

"थोरली बहीण. तिनेच वाढवलं मला."

अधिकारी ताईकडे गेला. ताईने चहा ठेवला आणि भावाच्या नोकरीसाठी कंबर कसली.

"गांजा? आमचा बाळ्या? अहो, शेजारी कुणी विडी ओढली तरी याला ठसका लागतो!"

"आणि ते कैदेचं?"

"कसली कैद? तेव्हा तो मामाकडे होता, काम शिकायला. मामा फार कडक. दोन कुत्री पाळलेली."

कैदेच्या काळात शेजाऱ्यांना सांगायला ही गोष्ट रचली होती. पुढे वर्षानुवर्षं सांगून ताईने ती इतकी घोटली होती, की कुत्र्यांनाही नावं होती.

संध्याकाळी बाळ्या तिच्यासमोर डोकं धरून बसला. "अगं ताई, मी आधीच सगळं कबूल केलं होतं."

"मग मला नको सांगायला? मी आपली नेहमीचं बोलले. आणि तुला कुणी सांगितलं होतं रे हरिश्चंद्र व्हायला?"

अधिकाऱ्याने त्याला पुन्हा बोलावलं. "गुन्हा जुना आहे, त्याची अडचण नाही. ही विसंगती नवी आहे."

"साहेब, मी मामाकडे कधी गेलोच नाही."

"मग तेच मामांकडून ऐकू. पत्ता द्या."

पत्त्याबाबत खरं सांगावं, तर सरकारी चौकशीत ताई सपशेल खोटी ठरणार. वकील, तारखा, पोलीस ठाण्याची बाकडी हे सगळं त्याने एकदा पाहिलं होतं. या वयात ताईला त्या बाकड्यावर बसवायची त्याची छाती नव्हती.

"ते जमणार नाही, साहेब."

"का? हयात नाहीत?"

"नाहीत."

"मग मृत्यूचा दाखला आणा."

तो गच्चीवर परतला. आतली जागा दुसऱ्याला मिळाली. निर्णयात कारण दिलं होतं: 'अर्जदाराने मामांच्या मृत्यूचा दाखला सादर केला नाही, सबब त्याची विश्वासार्हता सिद्ध होत नाही.'

अर्जदाराच्या आईला भाऊ नव्हता.