कानावर खडू ठेवणारे सर

माणूस पारखण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही, असा माझा समज होता. साखरखेर्ड्याकडच्या एका सरकारी हायस्कुलात मी तपासणीला गेलो, तेव्हा एक गृहस्थ दहावीला भूमिती शिकवत होते. मधेच खडू कानावर ठेवून ते बाहेर जात, घंटा देत आणि परत येऊन पुढची पायरी लिहीत. मला ही शिस्त फार आवडली. शेरेबुकात मी झोकात लिहिलं, ‘गणिताचे शिक्षक उत्तम.’

पुढच्या खेपेला हेच गृहस्थ माझ्यासाठी पाणी घेऊन आले. ते शाळेचे शिपाई होते. गणिताची जागा रिकामी होती आणि माझा शेरा वाचून आमच्या कार्यालयानं ती भरलेली धरली होती.

“तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही मले सर म्हणून राह्यले होते साहेब. बरं वाटलं.”

“आता खरं ते लिहितो.”

“शिपाई शिकवते असं लिहाल, त उद्यापासून मले वर्गात जाऊ देणार नाहीत. त्यापेक्षा मास्तर कच्चा हाये म्हणून लिहा. पोरायले दुसरा तरी भेटन.”

मी तसंच लिहिलं. आठवड्यात कार्यालयाचा आदेश निघाला, ‘सदर शिक्षकास प्रशिक्षणास पाठवावे.’ खाली सही माझीच होती. आमच्या खात्यात वाचून सही करायची पद्धत नाही.