शेठची दीड तासाची सिगार

भट्टीवरच्या तानाजीनानांनी त्या दुपारी मध्ये हात घातला नसता, तर आईचं तोंडही मला दिसलं नसतं. हे आधी लिहितो, कारण त्रिशूरला ज्यांच्या दुकानात आम्ही गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम करतो, ते विट्याकडचे आबाशेठ महिन्यापूर्वी वारले. फोनवरच्या ग्रुपात सगळ्यांनी ‘दिलदार माणूस’ लिहिलं. मी आठवीत शाळा सोडलेला, त्यात शेठच्या मुलानं वाचलं तर काय, ही धास्ती वेगळीच... पण ‘दिलदार’ काही लिहवलं नाही.

शेठना कुणीतरी दुबईहून क्युबाच्या सिगारची पेटी आणून दिली होती. एकेक कणसाएवढी जाड. जेवण झालं की गादीवर रेलून, तिचा सोनेरी पट्टा आम्हाला दिसेल असा धरून ते ती काडीवर फिरवत पेटवायचे. “क्युबाची हाय. दीड तास चालती,” हे रोज. असला धूर तोंडात घोळवून सोडायचा असतो म्हणे. शेठ बिडीसारखा छातीत ओढायचे आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकायचे. त्यालाच मजा म्हणायचे! राख जितकी लांब टिकेल तितकी सिगार भारी, म्हणून पंखा बंद. आम्ही भट्टीशेजारी निथळायचो, आणि शेठ त्या राखेकडं नातवाकडं बघावं तसं बघायचे.

त्या दुपारी आटपाडीहून भावाचा फोन आला, आईचं काही खरं नाही. मिरजेला जाणारी गाडी आठवड्यातून एकदा, सुटायला तास उरलेला. गलाईत मालकासमोर कपडे झटकून, टबात हातपाय धुतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. अंगाला सोन्याचा कण राहतो. हातातली पेटलेली सिगार न हलवता शेठनी बोट वर केलं, थांब.

नाना उठले. “आवं शेठ, आमची भट्टी बी एवढा येळ घेत न्हाई. त्येची आई चाललीया.”

“राख पडंल रं. बस जरा.”

नानांनी पंख्याचं बटण दाबलं. राख शेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर पसरली. ते सदरा झटकत बसले तोवर नानांनी माझे कपडे झटकले, हातपाय धुवून घेतले. “बघितलं मी. पळ गड्या!”

मी पोचल्यावर आई दोन दिवस होती. माझ्या हातून पाणी प्यायली. शेठनी मात्र त्याच आठवड्यात नानांना काढलं, आणि परतल्यावर मी मान खाली घालून तिथंच राबत राहिलो. शेठ गेले, ती लाज नाही गेली.

नाना आता म्हसवडला असतात, गुडघे गेलेत. नाना, तुमच्या घरून कधी फोन आला, तर मुशीत काहीही वितळत असो, मी कुणाला न विचारता निघेन.