पडलेला वारा

आमच्या रायफल क्लबात चाकणजवळच्या गावातले एक गृहस्थ येतात. कंपनीत मोजमापाची साधनं तपासायचं त्यांचं काम. त्यामुळे एक माप दुसऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांचा कशावरच भरवसा बसत नाही.

लांबच्या निशाण्यासाठी मला वारा मोजायचा, इवल्या पंख्याचा, हातात मावणारा मीटर घ्यायचा होता. दुकानदाराने दोन पाहायला दिले.

"टेबलावर ठिवून कळतंय व्हय, राव?" असं म्हणत त्या गृहस्थांनी मला पहाटे राजगुरुनगरच्या रस्त्याला नेलं. धुक्यात पानही हलत नव्हतं. मी गाडी सावकाश चालवत होतो आणि ते खिडकीबाहेर हात काढून मीटरचा आकडा गाडीच्या वेगाशी ताडत होते. दोन्ही बरोबर निघाले. मग गाडी थांबवून त्यांनी दोन्हींवर, झोपलेल्या बाळावर घालावी तशी, फुंकर घातली. मोठ्या स्क्रीनचा ढिम्म राहिला, धाकट्याचा पंखा फिरला.

"ह्योच घ्या. ह्याला निजलेला वारा बी कळतो."

क्लबाच्या स्पर्धेला त्यांनी तोच माझ्याकडून मागून घेतला. शेवटची गोळी उरली होती आणि पहिला नंबर त्यांचाच होता. दिवसभर भणाणणारा वारा अचानक पडला. नेमबाज ज्याची वाट बघतो, तो क्षण. ते मात्र हातातल्या मीटरकडे बघत राहिले आणि वेळ संपली.

"मारली का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"पंखा पार थांबला हुता वो," ते हळूच म्हणाले. "येवढी शांतता. बार काढून मोडावी वाटंना."